भाषा, गाणी, गाव आणि स्वभाव: खरंच काही संबंध असतो का?

खाडीकिनारी
नमस्कार मंडळी, एरवी वाचनमात्र असते पण आज राहवलं नाही. आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत गणपतीच्या कार्यक्रमांवरून ग्रुपवर जे काय चाललंय ते बघून धागा काढतेय. भावगीतांची संध्याकाळ ठेवू म्हटलं तर एकाचं म्हणणं की हे पुण्याच्या लोकांचं मिळमिळीत प्रकरण, झोप येते. ऑर्केस्ट्रा म्हटलं तर दुसरे काका म्हणे तुम्हा घाटावरच्यांना गोंगाटच लागतो. डबलबारी भजनाचं नाव काढलं तर "कोकणी माणूस देवासमोर पण भांडणार". म्हणजे गाणं राहिलं बाजूला आणि प्रत्येकाचं गाव नि स्वभाव काढून झाला. गंमत म्हणजे कुणालाच वावगं वाटलं नाही, कारण मनातून आपण सगळेच मानतो हे. हेल ऐकला की माणूस कुठला ते कळतं आणि कुठला ते कळलं की कसा तेही कळलं, असं धरून चालतो.

मला शंका आहे. दिवाळी पहाटेला आमच्याच घरातली मंडळी आधी गडकरी रंगायतनला डोळे मिटून अभंग ऐकतात आणि नंतर तलावपाळीवर डीजेसमोर नाचतात, यांचा स्वभाव कुठला धरायचा? अनुभव लिहा, वाचलेलं लिहा. फक्त जातीवर घसरू नका प्लीज.

येऊरचं_माकड
जागा पकडून ठेवतो. पॉपकॉर्न आणलेत.

मालवणी_मिरी
"कोकणी माणूस देवासमोर पण भांडणार" 😄 अहो डबलबारी म्हणजे भांडणच असतं, पण नियमातलं. दोन बुवा समोरासमोर, एकाने गाण्यातून प्रश्न टाकायचा, दुसऱ्याने पुराणातला दाखला देऊन उत्तर द्यायचं, मधे पखवाजवाला पेटलेला आणि समोर अख्खी वाडी रात्रभर बसलेली. तिकडे रत्नागिरीत शक्ती-तुऱ्याचंही तेच. पण यावरून आम्ही भांडकुदळ ठरतो हे काय पटलं नाही. घाटावर कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब होत नव्हते काय? तिथल्या माणसाला कोण तंटेखोर म्हणत नाही, तो "रांगडा". आम्ही तेच केलं की "तिरकस". वा रे न्याय.

आकडेवारी_काकू
जरा रुक्ष लिहिते, सांभाळून घ्या. या विषयावर मानसशास्त्रात बरंच काम झालंय. रेंटफ्रो आणि गॉसलिंग या दोघांनी २००३ मध्ये अमेरिकेत साडेतीन हजारांवर लोकांच्या आवडी तपासल्या आणि संगीतप्रकारांचे चार गट पाडले. शास्त्रीय-जॅझ एकीकडे, रॉक-मेटल दुसरीकडे, पॉप आणि कंट्री तिसऱ्यात, रॅप आणि नाचाचं संगीत चौथ्यात. मग हे गट आणि स्वभावाची पाच मापं, ज्याला बिग फाइव्ह म्हणतात, यांचा मेळ लावला. नव्या अनुभवांना मोकळी असणारी माणसं पहिल्या दोन्ही गटांकडे झुकतात, बहिर्मुख माणसं शेवटच्या दोघांकडे, असं साधारण निघालं. २०२२ मध्ये ग्रीनबर्ग आणि मंडळींनी हेच ५३ देशांत, साडेतीन लाखांवर लोकांवर करून बघितलं आणि बहुतेक ठिकाणी नाती त्याच दिशेची दिसली.

आता उड्या मारायच्या आधी दोन गोष्टी. एक, त्या ५३ देशांतल्या लोकांना ऐकवलेलं संगीत पाश्चात्त्य होतं. आपली लावणी, भारूड, धवळे (आगरी लग्नातली गाणी), भीमगीतं यातलं काही त्यात नाही. दुसरी जास्त महत्त्वाची. २०१७ मध्ये शेफर आणि मेलहॉर्न यांनी तोवरचे सगळे अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला तर बहुतेक नाती अगदीच बारीक निघाली, त्यातल्या त्यात जरा दखल घ्यावी असं होतं ते मोकळेपणाचं. सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टी किती जोडीने बदलतात याचं माप, ०.१ आला तर त्याचा अर्थ असा की माणसामाणसांतल्या फरकाचा फक्त १ टक्का त्यावरून सांगता येतो. उरलेले ९९ टक्के कशामुळे ते गाणी सांगत नाहीत. कमिटीतल्या काकांना एवढं ऐकवा.

प्लेलिस्ट_पोरगी
काकू पण मग मला समोरच्याची प्लेलिस्ट बघून कसं काय कळतं की याच्याशी माझं पटेल की नाही?? सिरियसली विचारतेय, माझा अंदाज सहसा बरोबर येतो. नेरुळला डी वाय पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेच्या वेळी, जानेवारी २०२५, शेजारच्या अनोळखी लोकांशी जी गट्टी जमली ती कॉलेजात तीन वर्षांत जमली नव्हती.

आकडेवारी_काकू
@प्लेलिस्ट_पोरगी, तुझ्या प्रश्नावरही अभ्यास आहे. त्याच रेंटफ्रो-गॉसलिंगनी २००६ मध्ये अनोळखी मुलामुलींना नेटवरून सहा आठवडे गप्पा मारायला लावलं. विषय त्यांचे त्यांनी निवडायचे, आणि सगळ्यात जास्त बोलले ते गाण्यांवर. नंतर नुसती आवडत्या दहा गाण्यांची यादी देऊन माणूस ओळखायला सांगितलं तर काही गोष्टींत अंदाज बऱ्यापैकी जमले, मोकळेपणाच्या बाबतीत सगळ्यात चांगले. म्हणजे तुला कळतं ते अगदीच खोटं नाही.

पण "पटेल की नाही" आणि "स्वभाव कसा आहे" हे वेगळे प्रश्न आहेत गं. ज्यांनी एवढं महाग तिकीट धडपडून मिळवलं, ज्यांचं वय साधारण तुझंच, ज्यांनी तीच गाणी त्याच वयात हेडफोनवर ऐकली, त्यांच्याशी गप्पा जमणारच. त्यातले निम्मे घरी कंजूष आणि चिडके असू शकतात.

वऱ्हाडी_ठेचा
मी मूळचा अकोल्याकडचा, आता ऐरोली. गाण्याचं राहू द्या, भाषेचं बोलतो. ऑफिसात मी पहिल्या मीटिंगमधे सहज "मले नाई वाटत हे जमन म्हणून" बोललो तर आख्खी टीम हसली. गंभीर बोलत होतो बा मी! सर्व्हर बसणार हेच सांगत होतो, आणि बसला पन. तेव्हापासून मी टीमचा कॉमेडी माणूस. वाढदिवस असला, निरोप समारंभ असला की "ठेचा, बोल काहीतरी". घरी विचारा, माझ्यासारखा घुम्या माणूस आख्ख्या खानदानात नाही, बायको म्हणते भिंतीशी लग्न झालं असतं तर ती जास्त बोलली असती.

म्हणजे माझी बोली ऐकून लोकांनी स्वभाव ठरवला आणि मग मी पण तसाच वागू लागलो, कारण सोपं पडतं. सिनेमात नि टीव्हीवर वऱ्हाडी बोलणारा आला की तो विनोदीच असते, त्याचा हा परिणाम. डॉक्टर, वकील, हिरो वऱ्हाडीत बोलताना किती वेळा बघितला सांगा. आता क्लायंटशी प्रमाण मराठी किंवा इंग्लिश, आईशी फोनवर वऱ्हाडी, आणि दोन्हीकडे मी वेगळा मानूस असतो हे मलाच जाणवते.

खाडीकिनारी
@वऱ्हाडी_ठेचा, हे फार मस्त लिहिलंत. शेवटचा मुद्दा, दोन भाषांत दोन माणसं, हे मलाही होतं. बँकेत इंग्रजीत भांडताना मी जास्त धीट असते. मराठीत "अहो ऐका ना" वर येते.

आकडेवारी_काकू
हो, त्यावरही बघितलंय लोकांनी. २००६ मध्ये रामिरेझ-एस्पार्झा आणि सहकाऱ्यांनी स्पॅनिश-इंग्रजी दोन्ही येणाऱ्यांना तीच स्वभावाची प्रश्नावली दोन्ही भाषांत दिली. इंग्रजीत भरताना तीच माणसं जरा जास्त बहिर्मुख, जास्त शिस्तीची दिसली. त्यांचं स्पष्टीकरण असं की भाषेबरोबर त्या समाजात कसं वागायचं याचा सगळा संचही डोक्यात जागा होतो. फरक लहान असतो, माणूस पार बदलत नाही. अबोल माणूस दोन्हीकडे अबोलच, फक्त एकीकडे दोन वाक्यं जास्त.

भाकरतुकडा
एवढं सगळं परदेशातलं कशाला पाहिजे. आमच्या कोल्हापूर-सांगलीकडचा माणूस मोकळाढाकळा असतोय हे काय रिसर्च करून सांगायची गोष्ट हाय का? घरी आला की आधी जेवाय बसवणार मग नाव विचारणार. ठाण्यात मी पंधरा वर्षं समोरच्या फ्लॅटचं आडनाव पाटीवर वाचतोय, आत पाय ठेवलेला नाही. मातीचा फरक असतोयच. आमच्याकडं हलगी वाजली की म्हातारं पण हातवारे करतंय, इकडं लोक टाळ्या पण मोजून वाजवतात.

मालवणी_मिरी
@भाकरतुकडा, समोरच्या फ्लॅटमध्ये बहुतेक तुमच्याच सांगलीची माणसं असतील हो, इथे येऊन दहा वर्षं झाली की सगळेच दार लावून बसतात. बारा-बारा तास बाहेर, लोकलला लटकून आल्यावर कुणाला जेवायला बसवणार? ते मातीचं नसून ८:१२ च्या फास्टचं आहे.

बाकी मातीवरून आठवलं, कुणीतरी चीनच्या भातशेतीचा अभ्यास टाकला होता मागे. भातवाले एकोप्याने राहणारे आणि गहूवाले आपापलं बघणारे असं काहीतरी. मग आम्ही कोकणातले भातवाले मायाळू आणि भाकरीवाले एकलकोंडे ठरतो की! घ्या 😁

आकडेवारी_काकू
तो टॅलहेम यांचा, २०१४, सायन्स मासिकात आलेला. चीनमध्ये यांगत्सेच्या दक्षिणेला भात, उत्तरेला गहू. दोन्हीकडचे हान चिनी विद्यार्थी घेतले, म्हणजे भाषा-वंश-सरकार बरंचसं सारखं, आणि विचार करायच्या पद्धतीत फरक सापडला. उदाहरणार्थ आगगाडी, बस आणि रूळ यातल्या दोन गोष्टींची जोडी लावा म्हटलं तर भाताकडचे आगगाडी-रूळ लावतात कारण त्यांचं नातं आहे, गव्हाकडचे आगगाडी-बस लावतात कारण दोन्ही वाहनं. कारण असं दिलं की पाटाच्या पाण्यावरच्या भाताला शेजाऱ्यांशी जुळवून घ्यावंच लागतं. पाणी कधी सोडायचं, लावणीला माणसं कुणाची, बांध कोण दुरुस्त करणार, एकट्याने होत नाही.

इथेच कोकणाला लावायची घाई नको. आपलं भात बहुतांशी पावसावरचं. उलट पाटपाण्याची वाटणी मोठ्या प्रमाणावर झाली ती घाटावर. धुळे-नाशिककडची पांझरा-मोसम नद्यांवरची फड पद्धत, जिथे गावकरी मिळून पीक आणि पाण्याची पाळी ठरवायचे, ती भाकरीच्या मुलखातली. सहकारी साखर कारखान्यांचं जाळंही देशावर उभं राहिलं, प्रवरानगरपासून सुरुवात. भातखाऊ कोकणात सहकार तसा रुजला नाही. म्हणजे धान्यापेक्षा पाणी कसं वाटलं जातं हे बघायला हवं, आणि तेही शेतीत राबलेल्या पिढीसाठी. घोडबंदरच्या सतराव्या मजल्यावरच्या माणसाला किती लागू होईल देव जाणे.

घणसोलीचा_भूमिपुत्र
थांबा काकू. कोकण म्हणजे नुसतं तळकोकण धरलंत तुम्ही. आम्ही आगरी पण भातवालेच, आणि खाडीकाठची खारजमीन पिकवायची म्हणजे बांध सगळ्या गावाने मिळून राखायला लागायचा. भरतीचं पानी एका ठिकाणी फोडून आत आलं की सगळ्यांचं भात गेलं, कुणा एकाचं नाही. एकी बघायची असेल तर अलिबागजवळचं चरी बघा. १९३३ ते १९३९, खोतांच्या विरोधात नारायण नागू पाटलांच्या मागे लोकांनी शेतं पडीक ठेवली, उपाशी राहिले पण मोडले नाहीत. नंतर १९८४ ला सिडकोच्या मोबदल्यासाठी जासईला दि. बा. पाटलांच्या मागे तीच माणसं उभी राहिली, गोळ्या खाल्ल्या. आणि त्याच आम्हाला आज वाशी-नेरुळच्या टॉवरमधले लोक काय म्हणतात? "आगरी म्हणजे हळद, बेंजो, डीजे आणि दादागिरी." नवी मुंबई ज्या जमिनीवर उभी आहे ती कुणाची होती ते विचारा आधी.

आता गाण्यावर येतो. आमचे गावान लग्न लागायचं ते धवळारणीच्या गाण्यावर. लग्नातल्या एकेका विधीला तिचं गाणं, देवांना आवतण देण्यापासून. माझ्या आजीच्या वेळी धवळारीण म्हातारी यायची, कसलं वाद्य नाय, माईक नाय, नुसता गळा, आणि बाया मागून झेलायच्या. संथ चाल एकदम. हे ऐकून कुणी आमचा स्वभाव सांगितला असता तर "शांत, धार्मिक लोक" असं म्हणाले असते. हळदीला बेंजो ऐकून "धांगडधिंगा". माणसं तीच, घर तेच, दोन दिवसांच्या अंतरावर.

प्लेलिस्ट_पोरगी
हे वाचून काटा आला. धवळे रेकॉर्डिंग कुठे मिळतील का? खारघरला राहून मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

घणसोलीचा_भूमिपुत्र
यूट्यूबवर शोध, काही पोरांनी आपापल्या आज्यांचे टाकलेत. पण लग्नात बसून ऐक एकदा. पुढच्या सीझनला सांगतो, हळदीला ये आणि कानात कापूस घालून ये 😂

माथाडीचा_पोरगा
मी कोपरखैरणेत वाढलो. वडील पाटण तालुक्यातून मस्जिद बंदरला हमालीला आले आणि बाजार वाशीला आल्यावर आम्ही पण खाडी ओलांडून इकडं आलो. आमच्या चाळीत सगळी सातारा-जावळी-जुन्नरची माणसं, त्यामुळं भजनी मंडळ होतं, गावच्या यात्रेला तमाशा बघून आलेले लोक ती गाणी गुणगुणायचे, पलीकडच्या गल्लीत १४ एप्रिलला रात्रभर भीमगीतं, वर गोंधळ, जागरण, आणि कोपऱ्यावर कॅसेटचं दुकान होतं त्याचा मालक त्याला जे आवडेल ते दिवसभर लावायचा ते सगळ्या वस्तीला पाठ. आवड म्हणून निवडायला आमच्याकडं टेपरेकॉर्डरच नव्हता ओ, जे कानावर पडलं ते आवडलं. मला गझल पहिल्यांदा ऐकायला मिळाली ती नोकरीला लागल्यावर. आता तुम्ही माझी गाणी बघून स्वभाव सांगणार असाल तर आधी दुकानदाराचा सांगा.

आणि अजून एक. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज घ्या. विठ्ठलाची गाणी पण त्यांची, भीमगीतं पण, कव्वाली पण. आमच्या इथं दोन गल्ल्यांचं एकमेकांशी फारसं जाणंयेणं नव्हतं, पण लाऊडस्पीकरवर दोन्हीकडं तोच माणूस. बाहेरून बघणारा म्हणायचा ही देवभोळी गल्ली, ती चळवळी गल्ली. आतली पोरं एकत्रच क्रिकेट खेळायची आणि दोन्हीकडची गाणी ढोलकी धरून वाजवायची.

येऊरचं_माकड
पॉपकॉर्न संपले. वरचा प्रतिसाद धाग्याच्या डोक्यावर चिकटवा राव.

खाडीकिनारी
+१००. "आधी दुकानदाराचा सांगा" 🙏

पेटीवाले_आजोबा
माझे दोन शब्द. आम्ही शास्त्रीय ऐकणारे स्वतःला फार सुसंस्कृत समजतो आणि हे संगीत म्हणजे जणू पुण्यातल्या मराठी घरांची मालमत्ता असं बोलतो. वस्तुस्थिती काय आहे? सवाई गंधर्व धारवाडजवळच्या कुंदगोळचे, मातृभाषा कन्नड, आणि गाजले मराठी संगीत नाटकांत. भीमसेन जोशी गदगचे, तेही कन्नड घरातले, आणि आज मराठी माणसाला अभंग म्हटलं की आधी त्यांचा आवाज आठवतो. कुमार गंधर्व बेळगावजवळच्या सुळेभावीचे, क्षयामुळे हवाबदलासाठी देवासला गेले ते तिथलेच झाले आणि माळव्याच्या खेड्यातली गाणी त्यांच्या गाण्यात उतरली. यात भाषा, प्रदेश आणि आवड यांचा हिशोब कसा जुळवणार? तिघेही उत्तर कर्नाटकातले, आणि तिघांचे स्वभाव व गायकी तीन तऱ्हांची.

आपल्या ठाण्याचंच बघा. घराघरांत वाजलेली कितीतरी भावगीतं लिहिणारे पी. सावळाराम मूळचे सांगली जिल्ह्यातल्या येडेनिपाणीचे. ठाण्यात आले, इथले नगराध्यक्षसुद्धा झाले. कुणीतरी वर भावगीतं म्हणजे पुण्याचं मिळमिळीत प्रकरण म्हटलंय, त्या गृहस्थांना हे कळवावं. (@भाकरतुकडा, खूश?)

भाकरतुकडा
आजोबा, लई खूश. पण मग माझंच खरं झालं की, सांगलीचा माणूस मोकळा म्हणून सगळ्यांच्या मनातलं लिहू शकला 😎

मालवणी_मिरी
ह्या माणसाला कुठूनही टाका, पंचगंगेतच येऊन पडतो.

आकडेवारी_काकू
आजोबांच्या पहिल्या वाक्यावर. आवडीतून स्वभावापेक्षा पायरी जास्त दिसते हे बोर्द्यू नावाच्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९७९ च्या पुस्तकात सविस्तर मांडलंय. कुठल्या घरात वाढलात, शिक्षण किती, कुणापासून स्वतःला वेगळं दाखवायचंय, यावर आवड ठरते, आणि माणूस तिला "माझा पिंडच तसा" म्हणतो. आपल्याकडे "मी असलं काही ऐकत नाही" हे वाक्य ज्या सुरात येतं ना, तो सूर गाण्याबद्दल नसतोच.

दुसरा मोठा वाटा वयाचा. होलब्रुक आणि शिंडलर यांनी १९८९ मध्ये वेगवेगळ्या वयाच्या लोकांना जुनी-नवी गाणी ऐकवली तर प्रत्येकाला सगळ्यात जास्त आवडली ती गाणी जी आपण साधारण साडेतेवीस वर्षांचे असताना गाजत होती. म्हणजे ऑर्केस्ट्रा हवा म्हणणारे काका आणि डीजे हवा म्हणणारा त्यांचा मुलगा यांच्यात प्रदेशाचा फरक शून्य आहे.

वऱ्हाडी_ठेचा
काकू, तुम्ही सगळं मोडीत काढून राह्यल्या. मग उरलं काय? गावावरून नाही, गाण्यावरून १ टक्का, भाषेवरून दोन वाक्यं जास्त.

आकडेवारी_काकू
उरतं की. प्रदेशाप्रदेशात सरासरीत फरक सापडतात, अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये नकाशेच काढलेत तसे. कोण कुठून कुठे स्थलांतर करतं त्यानेही ते घडतात. आपल्याकडे तर तेच बघायला हवं, कारण गाव सोडून ठाणे-नवी मुंबईत आलेला माणूस हा गावच्या सरासरीचा नमुना नसतोच, तो मुळात निघून आलेला माणूस. पण सरासरी गावाची असते, दारातल्या माणसाची नसते.

पटत नसेल तर इथेच करून बघू. प्रत्येकाने आवडत्या दहा गाण्यांची यादी मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मी नावं काढून, यादी क्रमांक घालून इथे टाकते. बाकीच्यांनी ओळखायचं, हा माणूस अबोल की बोलका, शिस्तीचा की गबाळा, चिडका की थंड. गाव ओळखायचं नाही. मग ज्याची यादी त्याने खरं सांगायचं. शक्यतो घरच्यांना विचारून, स्वतःबद्दल सगळेच गोड बोलतात.

प्लेलिस्ट_पोरगी
मी इन!! यादी पाठवली. आईला विचारलं तर म्हणाली "गबाळी", विचारायच्या आतच.

माथाडीचा_पोरगा
पाठवतो रात्री. दहात बसवायची म्हणजे अवघड आहे.

घणसोलीचा_भूमिपुत्र
माझी दिली. त्यात एक पण आगरी गाणं नाय टाकलं मुद्दाम, बघू कोण ओळखतो.

भाकरतुकडा
काकू, माझ्या दहातल्या सहांत हलगी हाय. नाव काढून काय उपयोग?